सर्कस म्हटलं की मालक सुटतो

कायदेमंडळात खुर्च्या उडाल्या, की दुसऱ्या दिवशी कुणी ना कुणी लिहितंच: काय सर्कस लावली आहे ही! टीव्हीच्या पडद्यावर आठ चौकटींतून आठ जण एकदम ओरडू लागले की तेव्हाही हाच शब्द. गाजलेल्या खटल्याच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर कॅमेरेवाल्यांची रेटारेटी झाली की तेव्हाही हाच. इंग्रजीत तर त्याच्या जोड्या जमूनच गेल्या आहेत: मीडिया सर्कस, पोलिटिकल सर्कस, थ्री-रिंग सर्कस. मराठीनं शब्द घेतला तो या शिवीसकट. ‘नुसती सर्कस चाललीये’ असं आपण म्हणतो तेव्हा झुला, घोडे, तंबू यांतलं काहीच मनात नसतं. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही, एवढंच सांगायचं असतं.

या वापराबद्दल माझी तक्रार आहे. कसरती करून पोट भरणाऱ्यांचा त्यात अपमान होतो हे तर झालंच, पण भाषेला ती खोडच असते. ‘तमाशा मांडलाय’, ‘नाटकं करू नकोस’, ‘सोंगं पुरे झाली’ ही आपलीच वाक्यं. रात्ररात्र घाम गाळून लोकांना रिझवणाऱ्यांच्या धंद्याची नावं आपण फालतूपणाला देऊन टाकली. सर्कस त्या रांगेत उशिरा येऊन उभी राहिली इतकंच. ते एक वेळ सोडून देऊ. मला जास्त खटकतं ते असं की सार्वजनिक गोंधळाला सर्कस म्हटलं की बोलणाऱ्याचं समाधान होतं आणि पुढचं विचारणं थांबतं. नजर विदूषकावर खिळते. तंबू कुणाच्या मालकीचा, गल्ला कुठे जातो, खेळांचा क्रम कुणी लावला, हे कुणी विचारत नाही. या शब्दाचा इतिहास मात्र नेमका याच प्रश्नांचा आहे.

मुळात लॅटिन सर्कस म्हणजे कडं, वर्तुळ. लंडनमधलं पिकॅडिली सर्कस किंवा ऑक्सफर्ड सर्कस हे रस्ते मिळतात ते गोल चौक आहेत. पिकॅडिलीचा चौक १८१९ साली झाला आणि १८८६ मध्ये शाफ्ट्सबरी अव्हेन्यू त्याला येऊन भिडल्यावर त्याचा गोलपणा गेला, नाव तेवढं राहिलं. बाथ शहरात जॉन वूड या वास्तुविशारदानं १७५४ मध्ये गोलाकार घरांची वस्ती बांधायला घेतली, तीही ‘सर्कस’. गवताळ रानावर जमिनीलगत घिरट्या घालणारा शिकारी पक्षी आपल्याकडे भोवत्या म्हणून ओळखला जातो. त्याच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव सर्कस. इतकंच काय, इंटरनेटवर आपण दिवसभर जे ‘सर्च’ करतो तो शब्दही याच घराण्यातला. उत्तरकालीन लॅटिनमधल्या ‘भोवती फिरणं’ अशा अर्थाच्या क्रियापदापासून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. हे सगळे अर्थ निरुपद्रवी आहेत. भानगड सुरू होते ती रोममध्ये.

रोमची सर्कस मॅक्सिमस म्हणजे पॅलेटाइन आणि अ‍ॅव्हेंटाइन या दोन टेकड्यांमधल्या खोलगट जागेत पसरलेलं, सुमारे ६०० मीटर लांबीचं मैदान. नावाला वर्तुळ, प्रत्यक्षात चांगलंच लांबट. तिथे विदूषक नव्हते, झुलेही नव्हते. मुख्य खेळ रथांच्या शर्यतीचा. एका टोकाच्या १२ दारांतून रथ सुटायचे आणि मधल्या कट्ट्याभोवती सात फेरे मारायचे. फेरे मोजायला कट्ट्यावर अंड्यांच्या आणि डॉल्फिनच्या आकृत्या असत. प्रेक्षक किती मावत? प्राचीन लेखकांचे आकडे दीड लाखापासून अडीच लाखांपर्यंत जातात. संघ चार: लाल, पांढरा, निळा, हिरवा. डायोक्लीस नावाच्या सारथ्याच्या स्मरणार्थ कोरलेल्या लेखात त्याच्या ४,२५७ शर्यती, १,४६२ विजय आणि साडेतीन कोटींहून अधिक सेस्टर्स या रोमन नाण्यांची बक्षिसं नोंदवली आहेत. एवढा चोख हिशेब ठेवणाऱ्या संस्थेचं नाव आज आपण बेहिशेबी कारभाराला देतो.

‘भाकरी आणि सर्कस’ हा शब्दप्रयोग जुवेनल या कवीचा, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या उपहासकाव्यातला. त्याचं सार जगभर एकाच साच्यात सांगितलं जातं: लोकांच्या तोंडात घास आणि डोळ्यांपुढे खेळ ठेवला की ते राजकारण विसरतात. म्हणजे दोष लोकांचा. ते आधी लालचावले आणि मग सत्ता हातची गेली. पण जुवेनलचं वाक्य पूर्ण वाचलं तर क्रम उलटा निघतो. तो म्हणतो, आपण आपली मतं कुणाला विकेनासे झालो तेव्हापासून हे लोक सगळी काळजी सोडून बसलेत. जे एके काळी सेनापतीपदं, अधिकार, फौजा वाटत होते ते आता दोनच गोष्टींची आस धरतात. मतं का विकेनासे झाले? सद्गुण अंगी बाणला म्हणून नव्हे. विकायला मत उरलंच नव्हतं. इ.स. १४ मध्ये सम्राट टायबेरियसच्या काळात अधिकाऱ्यांच्या निवडणुका लोकांच्या सभेकडून काढून सेनेटकडे, म्हणजे उमरावांच्या सभेकडे, दिल्या गेल्या. जुवेनल लिहायला बसला तोवर याला शंभरेक वर्षं होत आली होती. आधी मत गेलं, मग हाती राहिलं ते मैदान. आणि ज्या भाकरीची लाच म्हणून थट्टा होते तिची सुरुवात तरी कुठून झाली? इ.स.पू. १२३ मध्ये गायस ग्रॅकस या लोकप्रतिनिधीनं नागरिकांना ठरावीक स्वस्त दरात धान्य देण्याचा कायदा लोकांच्याच सभेत मंजूर करून घेतला, तिथून. ती राजकारणातून मिळवलेली गोष्ट होती.

जुवेनल काही गरिबांचा कैवारी नव्हता. लोकांना तोही हिणवतोच. पण त्याच्या ओळीचा जो ताईत करून आपण गळ्यात घातला आहे, त्यातून मतं काढून घेणारा टायबेरियस पार पुसला गेला आणि खेळ बघणारी गर्दी तेवढी गुन्हेगार ठरली.

शिवाय ही गर्दी मुकी नव्हती. सभा बंद पडल्यावर सम्राटासमोर हजारो लोकांनी एकत्र येण्याची जी थोडी ठिकाणं राहिली, त्यांत सर्कस मोठी. कॅलिगुला सम्राटाच्या काळात शर्यतीला जमलेल्या लोकांनी कर कमी करा म्हणून हाकाटी केली. त्यानं ओरडणाऱ्यांना पकडून मारायला लावलं, असं जोसिफस या इतिहासकारानं लिहून ठेवलंय. इ.स. १९०च्या सुमारास धान्यटंचाई असताना कोमोडस सम्राटाचा सर्वेसर्वा क्लीअँडर याच्याविरुद्धचा उठाव सर्कस मॅक्सिमसमध्येच सुरू झाला. लोक थेट सम्राटाच्या वाड्याकडे निघाले आणि घाबरलेल्या कोमोडसनं क्लीअँडरचा बळी दिला. पुढे इ.स. ५३२ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या शर्यतीच्या मैदानात एरवी एकमेकांचे हाडवैरी असलेले निळे आणि हिरवे एक झाले आणि सम्राट जस्टिनियनचं सिंहासन डळमळलं. त्याचा शेवट मैदानातल्याच कत्तलीत झाला. मेलेल्यांचा आकडा त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस ३०,००० देतो. करमणुकीनं गुंगी येते म्हणणाऱ्यांनी या तारखांचं काय करायचं ते ठरवावं.

रोमच्या प्रेक्षकावरची एक टीका मात्र मला आजही बिनतोड वाटते. धाकटा प्लिनी हा रोमन लेखक एका पत्रात लिहितो: लोक घोड्यांच्या वेगावर किंवा सारथ्याच्या कसबावर भाळत असते तर समजू शकलो असतो, पण यांचं प्रेम अंगावरच्या कापडावर आहे, ऐन शर्यतीत दोघांनी रंग बदलले तर हे ज्याचं नाव घेऊन घसा फोडताहेत त्याला तिथल्या तिथे सोडून देतील. पक्षनिष्ठा नावाच्या प्रकाराबद्दल याहून नेमकं काही मी वाचलेलं नाही. प्लिनीनं कुणाला माकड म्हटलं नाही, विदूषक म्हटलं नाही. कापड आणि कसब यांतला फरक दाखवला. सर्कस हा शब्द वापरून टीका करायचीच असेल तर ती अशी हवी.

आता तंबूकडे. रोमची सर्कस आणि तंबूतली सर्कस यांच्यात वंशपरंपरा जवळजवळ नाही, नावाचं नातं आहे. घोडदळातून निवृत्त झालेला सार्जंट मेजर फिलिप अ‍ॅस्टली यानं १७६८ मध्ये लंडनला, वेस्टमिन्स्टर पुलाच्या जवळ, गोल रिंगणात घोड्यावरच्या कसरती दाखवायला सुरुवात केली. (बाथमधली ती गोल वस्ती पुरी झाली तेही याच साली. योगायोग.) अ‍ॅस्टली आपल्या जागेला अ‍ॅम्फिथिएटर म्हणायचा. सर्कस हे नाव लावलं ते त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनी, चार्ल्स ह्यूज आणि चार्ल्स डिबडिन यांनी, १७८२ च्या ‘रॉयल सर्कस’ला. रिंगणाचा व्यास पुढे ४२ फुटांवर, म्हणजे सुमारे १३ मीटरवर स्थिरावला आणि तोच जगभर टिकला. कारण साधं आहे. घोडा एका लयीत गोल दौडताना आतल्या बाजूला कलतो, पाठीवर उभा असलेला माणूसही आत कलतो, आणि त्या वेगाच्या जोरावर दोघांचा तोल राहतो. रिंगण फार आवळलं तर घोड्याला लय धरता येत नाही, फार सैल सोडलं तर उभ्या स्वाराचा तो आधार जातो. बेशिस्तीचं प्रतीक म्हणून आपण ज्याचं नाव घेतो त्याचा पायाच मुळी मोजमाप आहे.

झुल्यावरचा झेल घ्या. खालून बघणाऱ्याला वाटतं, उडणाऱ्यानं हात पुढे केला आणि समोरच्यानं पकडला. प्रत्यक्षात पकड हाताची नसते, मनगटाची असते. दोघंही एकमेकांचं मनगट धरतात, म्हणजे एकाची बोटं निसटली तरी दुसऱ्याची पकड राहते. घामानं घात होऊ नये म्हणून हातांना पूड लावलेली असते. समोर उलटा लटकलेला झेलणारा आपल्या झोक्याच्या तालावर इशारा देतो आणि मगच उडणारा झुला सोडतो. इशारा अर्धा सेकंद चुकला तर जाळी. जाळीतही पाठीवर पडायचं असतं, पाय खाली घेऊन पडलं तर पाय मोडतो. आता चर्चेच्या कार्यक्रमातले ते आठ जण आठवा. एकमेकांचं वाक्य तरी झेलतात का?

सर्कशीतल्या शिस्तीची खरी परीक्षा झाली ती ६ जुलै १९४४ ला, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात हार्टफर्ड इथे. रिंगलिंग ब्रदर्स अँड बार्नम अँड बेली या सर्कशीचा दुपारचा खेळ चालू होता, तंबूत हजारो माणसं, त्यांत बायका-मुलं जास्त. उंच तारेवरच्या वॉलेंडा कुटुंबाची पाळी नुकतीच सुरू होत होती. कापडाच्या कडेला एक ज्वाळ दिसली. बँडमास्टर मर्ल इव्हान्स यानं ती पाहिली आणि चालू सूर तोडून ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरेव्हर’ वाजवायला लावलं. सर्कशीतल्या माणसांत ही धून एरवी कधी वाजवायची नसते. ती संकटाची खूण. प्रेक्षकांना काही कळण्याआधी कामगारांना कळलं. काही मिनिटांत सगळं छत पेटून खाली आलं आणि १६० हून अधिक माणसं गेली. त्या दिवशीचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: एमेट केली हा नावाजलेला विदूषक, तोंडाला तसाच रंग, फाटके कपडे, ढगळ बूट, आणि हातात पाण्याची बादली.

मग एवढी माणसं मेली का? आग कशी लागली याचा छडा शेवटपर्यंत लागला नाही. ती इतकी भडकली का, हे मात्र कळलं. पाऊस झिरपू नये म्हणून छताच्या कापडाला पेट्रोलमध्ये विरघळवलेलं मेण फासलं होतं. बाहेर पडायच्या वाटांवर जनावरं आत-बाहेर नेण्याचे लोखंडी पिंजऱ्यांचे बोगदे आडवे पडले होते. हे निर्णय विदूषकाचे नव्हते, बँडवाल्याचेही नव्हते. खटला उभा राहिला तो कंपनीच्या अधिकाऱ्यांवर, मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली ती त्यांना, आणि कंपनीला सुमारे ५० लाख डॉलरची भरपाई द्यावी लागली. ‘विदूषकांच्या हाती कारभार गेला’ असं ज्यांना उठल्यासुटल्या लिहायचं असतं त्यांनी हार्टफर्डचा तपास जरूर वाचावा.

मग सर्कस म्हणजे गोंधळ हा अर्थ आला कुठून? मला वाटतं, तो आला प्रेक्षकाच्या बाकावरून. बार्नम आणि बेली यांनी १८८१ मध्ये एकाच तंबूखाली तीन रिंगणं मांडली. एकीकडे घोडे, मध्ये कसरती, तिकडे हत्ती, सगळं एकाच वेळी. कुठल्याही बाकावरून सगळं दिसणं शक्य नव्हतं; डावीकडे बघावं तर उजवीकडे टाळ्या पडायच्या. ‘थ्री-रिंग सर्कस’ हा वाक्प्रचार तिथला. पण गोंधळ उडायचा तो बघणाऱ्याचा. चालवणाऱ्याला कुठला घोडा कधी आत येणार हे मिनिटामिनिटानं ठाऊक असायचं. हीच सर्कस १८९७ पासून युरोपच्या दौऱ्यावर होती तेव्हा आगगाडीवर सामान चढवण्या-उतरवण्याची तिची पद्धत जर्मन लष्करी अधिकाऱ्यांनी जवळून अभ्यासली होती. प्रशियाच्या परंपरेतले अधिकारी बेशिस्त शिकायला नक्कीच गेले नव्हते.

तीन रिंगणांचा हिशेब धंद्याचा होता: प्रेक्षक भांबावला पाहिजे आणि घरी जाताना ‘अर्धं बघायचंच राहिलं’ असं म्हणाला पाहिजे. सार्वजनिक जीवनातल्या ज्या प्रकारांना आपण सर्कस म्हणतो त्यांतले कितीतरी याच जातीचे असतात. एका बाजूला कुणाच्या तरी अपमानावरून गदारोळ, दुसरीकडे नेत्याच्या नातेवाइकाची भानगड, आणि तिसऱ्या रिंगणात, जिथे दिवा कमी आहे, एखादं विधेयक चर्चेविना पुढे सरकतं. वरून बघणाऱ्याला गोंधळ, खालून चालवणाऱ्याला वेळापत्रक. ‘सर्कस आहे नुसती’ म्हणून चॅनेल बदलणारा माणूस स्वतःला शहाणा समजतो. त्यानं निघून जावं हीच कुणाची तरी सोय असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलानं १९४१ पासून ज्या मोहिमांना ‘सर्कस’ हे सांकेतिक नाव दिलं त्यांत मोजकी बाँबफेकी विमानं पुढे काढायची आणि भोवती लढाऊ विमानांचा भलामोठा ताफा ठेवायचा, अशी योजना असे. बाँब हे निमित्त. जर्मन विमानांना वर ओढून आणण्यासाठी ते आमिष होतं. शब्दाचा राजकारणातला अर्थ पक्का करायचाच असेल तर मला हा लष्करी अर्थ सगळ्यांत प्रामाणिक वाटतो.

हा शब्द कोण वापरतो हेही बघण्यासारखं आहे. ११ ऑक्टोबर १९९१ ला अमेरिकेच्या सेनेटच्या न्यायविषयक समितीसमोर, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदासाठी नाव सुचवलेले क्लॅरेन्स थॉमस म्हणाले, ही सर्कस आहे, ही राष्ट्रीय नामुष्की आहे. त्याच दिवशी अनिता हिल या कायद्याच्या प्राध्यापक बाईंनी त्यांच्यावरच्या लैंगिक छळाच्या आरोपांची तासन्‌तास साक्ष दिली होती. हिल यांचं गोपनीय निवेदन फुटलं होतं आणि तक्रार जाहीर तमाशात ओढली गेली, हे थॉमस यांचं गाऱ्हाणं निराधार नव्हतं. पण त्या एका वाक्यानं काय साधलं ते पाहा. प्रश्न होता, कामाच्या ठिकाणी हे घडलं की नाही. तो झाला, ही सुनावणी सभ्य आहे की नाही. समितीतले १४ च्या १४ सदस्य गोरे पुरुष होते. साक्षीला तयार असलेल्या आणखी एका स्त्रीला त्यांनी समोर बोलावलंच नाही. चार दिवसांनी ५२ विरुद्ध ४८ मतांनी नेमणूक मंजूर झाली. चौकशी कच्ची राहिली, आणि तिला सर्कस म्हणणाऱ्याला ती कच्ची राहण्याचा फायदाच झाला. सत्तेच्या आसपासची माणसं चौकशीला सर्कस म्हणतात तेव्हा मी तरी लगेच मान डोलावत नाही.

याउलट शब्द योग्य ठिकाणी कसा बसतो याचा नमुना अमेरिकेतल्याच शेपर्ड खटल्यात आहे. डॉक्टर सॅम शेपर्ड यांना १९५४ मध्ये ओहायोत पत्नीच्या खुनाबद्दल दोषी ठरवलं गेलं. खटला चालू असताना पत्रकारांचं टेबल थेट न्यायकक्षाच्या कठड्याआत, ज्यूरीपासून हाताच्या अंतरावर होतं. ज्यूरीतल्या लोकांची नावं-पत्ते वर्तमानपत्रांत छापून आले होते. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही शिक्षा रद्द केली आणि कोर्टात जत्रेचं वातावरण होतं असं म्हटलं. पण न्यायालय तेवढ्यावर थांबलं नाही. टेबल कुठे होतं, ज्यूरीला काय वाचायला मिळालं, साक्षीदारांना कुणी वेगळं ठेवलं नाही, हे सगळं निकालात तपशीलवार आहे. खटला सुरू झाल्यावर दोनच आठवड्यांत निवडणूक होती, आणि तीत खटल्याचे न्यायाधीश स्वतः उमेदवार होते, मुख्य सरकारी वकीलही न्यायाधीशपदाला उभे होते, हेही निकालानं नोंदवलं. आणि ठपका ठेवला तो कोर्ट आवरण्याचा अधिकार असून न वापरणाऱ्या न्यायाधीशावर. शेपर्ड फेरसुनावणीत सुटले.

‘मीडिया सर्कस’ म्हणून सगळ्या पत्रकारांना एका दावणीला बांधणाऱ्यांना एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. १९२५ मध्ये केंटकीतल्या एका गुहेत फ्लॉइड कॉलिन्स नावाचा माणूस दगडाखाली पाय अडकून पडला. बाहेर हजारोंची जत्रा भरली, खाद्यपदार्थांचे ठेले लागले, वर्तमानपत्रांनी दिवसातून कितीदा मथळे बदलले. त्याच गर्दीत स्कीट्स मिलर हा लहान चणीचा बातमीदार होता. तो त्या चिखलाच्या बिळातून पुनःपुन्हा सरपटत आत गेला, कॉलिन्सशी बोलला, त्याला सोडवायच्या कामाला हात लावला. कॉलिन्स वाचला नाही. मिलरला १९२६ चं पुलित्झर हे पत्रकारितेचं पारितोषिक मिळालं. बाहेर ठेला लावणारा आणि आत सरपटणारा, दोघांना एकच शब्द लावून कुणाचं भलं होतं?

अलीकडे पोलिश भाषेतली एक म्हण इंग्रजीत फार चालते: सर्कस माझी नाही, माकडंही माझी नाहीत. शेजारच्या घरातल्या भांडणाला ती ठीक आहे, तिथे आपण नाक खुपसू नये हेच बरं. पण कायदेमंडळाबद्दल, न्यायालयाबद्दल, सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या कुठल्याही गोष्टीबद्दल ती म्हणणं म्हणजे तिकिटाचे पैसे भरून आपण आत आलोच नाही असं सांगण्यासारखं आहे. आपण त्या खेळाला बसलो नाही तरी तो आपल्याच खर्चानं चालतो.

यावर कुणी म्हणेल, सर्कशीची एवढी तरफदारी कशाला, तिथे जनावरांचे हाल होत नव्हते काय? होत होते. हत्तींना अंकुशाखाली ठेवलं जाई, वाघ-सिंहांचं आयुष्य पिंजऱ्यात आणि आगगाडीच्या डब्यांत जाई, आणि शिस्त म्हणून जे दिसायचं त्यातलं पुष्कळ भीतीच्या जोरावर उभं होतं. सर्कशीची शिस्त वाखाणताना हे झाकून ठेवणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण ते थांबलं कसं हे बघा. बोलिव्हियानं २००९ मध्ये सर्कशीत प्राणी वापरण्यावरच बंदी घातली. रिंगलिंगनं २०१६ मध्ये हत्ती काढले, २०१७ मध्ये तंबू गुंडाळला, आणि २०२३ मध्ये ती परत उभी राहिली ती जनावरांशिवाय. इंग्लंडनं २०१९ मध्ये फिरत्या सर्कशीत वन्य प्राण्यांच्या वापराला मनाई करणारा कायदा केला आणि तो जानेवारी २०२० पासून लागू झाला.

हा इंग्लंडचा कायदा जेमतेम दोन-तीन पानांचा आहे. वन्य प्राणी म्हणजे कोणता, हे त्यात ठरवलं आहे: ग्रेट ब्रिटनमध्ये सर्वसाधारणपणे पाळला जात नाही तो. आणि गुन्हा कुणाचा, हेही. रिंगणात उतरलेल्या कलावंताचा नाही, ‘सर्कस चालवणाऱ्या’चा. हा चालवणारा कोण, याची व्याख्या तीन पायऱ्यांनी केली आहे. सर्कशीचा मालक. नाहीतर, मालक नसला तरी कारभाराची सगळी जबाबदारी ज्याच्याकडे आहे तो. आणि हे दोघंही देशाबाहेर असतील, तर देशात हजर असलेल्यांपैकी शेवटी ज्याच्यावर जबाबदारी येते तो.